३४९ नग : आमच्या घरातलं एका महिन्याचं प्लास्टिक

गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट. पाऊस नुकताच सुरू झाला होता आणि आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली होती, त्यामुळे कचरा न्यायला मावशी वर आल्या नाहीत म्हणून मीच दोन्ही बादल्या घेऊन खाली गेले. एरवी आम्ही बादल्या दारात ठेवतो आणि रिकाम्या परत आत घेतो, मधे काय होतं ते बघायची वेळच कधी आली नव्हती. मावशी पार्किंगमध्ये पोत्यावर बसून एकेका घरचा सुका कचरा निवडत होत्या. आमची बादली त्यांनी माझ्यासमोर ओतली आणि हात घातला. आत दोन-तीन दिवसांच्या दुधाच्या पिशव्या होत्या, न धुतलेल्या, आणि त्यातलं आंबलेलं दूध त्यांच्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळलं. काय वास सुटला! त्यांनी काही न बोलता पिशवी झटकली, हात फडक्याला पुसला आणि पुढची पिशवी उचलली. मला तिथं उभं राहवेना आणि निघूनही जाता येईना.

मी म्हटलं, "मावशी, माफ करा हो, उद्यापासून धुवून देते." तर त्या म्हणाल्या, "ताई, धुतलेली असली तर पिशवी भंगारात जाते, माझे चार पैसे होतात. घाण असली की तिला कोण घेत नाय, मग ती डेपोलाच."

एवढंच बोलल्या, पण ते दिवसभर डोक्यातून गेलं नाही. पुण्यात दारोदार फिरणाऱ्या या मावश्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेच्या, २००८ पासून त्यांचं महापालिकेबरोबर काम चालू आहे. आपण महिन्याला देतो ते पैसे आणि सुक्या कचऱ्यातून जे विकलं जाईल ते, ही त्यांची कमाई. म्हणजे मी पिशवी धुतली नाही की त्यांच्या पोटावर पाय. आणि डेपो म्हणजे कुठे तर उरुळी देवाची-फुरसुंगी, जिथं वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा पडला, विहिरी खराब झाल्या आणि तिथल्या लोकांना 'आमच्या दारात कचरा टाकू नका' म्हणून रस्त्यावर यावं लागलं. हे सगळं मी पेपरात वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं आणि स्वतःच्या घरचं दूध दुसरीच्या हातावरून ओघळताना बघणं वेगळं.

त्या रात्री जेवताना घरात सांगितलं की मला आपलं प्लास्टिक कमी करायचंय. लेक नववीत, तिला एकदम उत्साह आला आणि तिनं लगेच मोबाईलवर बांबूचे टूथब्रश, स्टीलचे स्ट्रॉ, मधमाश्यांच्या मेणाचं कापड असं सगळं शोधून कार्टमध्ये टाकलं. आमच्या सासूबाई ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, आधी बघा तरी घरात येतं काय ते. न मोजता कापड फाडायला घेतल्यासारखं करू नका." त्या आयुष्यभर घरी शिवणकाम करत आल्यात, त्यांचं प्रत्येक वाक्य कापडापाशी येतं. पण त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि आज जर मला कुणी विचारलं की सुरुवात कुठून करू तर मी हेच सांगते, काहीही विकत घेऊ नका, आधी एक महिना मोजा.

तर जुलै २०२३ चा अख्खा महिना आम्ही मोजलं. नियम एकच, घरात आलेलं कुठलंही प्लास्टिक मोजल्याशिवाय बाहेर जाणार नाही. फ्रिजवर एक कागद लावला, वापरून झालेली प्रत्येक वस्तू धुवायची, वाळवायची, कागदावर रेघ मारायची आणि गॅलरीतल्या गोणीत टाकायची. धाकटा पाचवीत आहे, रेघा मारायचं काम त्यानं इतकं मनावर घेतलं की बाबांनी ऑफिसातून येताना वेफर्सचं पाकीट खिशात आणलं तरी तो खिसे तपासायचा. जुलै निवडला ही मात्र चूक झाली, पावसात आधीच कपडे वाळत नाहीत त्यात दोरीवर चिमटे लावून दुधाच्या पिशव्या टांगलेल्या, गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही आणि सगळीकडे एक ओलसर आंबूस वास. मोजायचं असेल तर हिवाळ्यात मोजा किंवा उन्हाळ्यात.

धुण्याला पाणी किती लागतं असं बरेच जण विचारतात. वेगळं पाणी लागत नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी एका पातेल्यात साठवायचं, त्यात पिशवी बुडवून खळाळून घ्यायची आणि उलटी करून नळावर किंवा सिंकच्या कडेला लावून ठेवायची, पाणी निथळून जातं. दुधाच्या पिशवीची एक गोष्ट मावशींनीच नंतर सांगितली. आपण कात्रीनं कोपरा कापतो आणि तो एवढासा तुकडा टाकून देतो, तो कुणाच्याच हाती लागत नाही, मोरीतून गटारात जातो. कोपरा पूर्ण तोडायचा नाही, चीर द्यायची आणि तुकडा पिशवीलाच लटकत राहू द्यायचा. दिवसाला चार पिशव्या म्हणजे वर्षाला जवळजवळ दीड हजार कोपरे आमच्या एका घरातून जात होते. इतकी वर्षं मी ते कोपरे तोडत आले आणि कधी विचारही केला नव्हता.

३१ जुलैला रात्री हॉलमध्ये चादर पसरून गोणी ओतली. एकूण ३४९ नग. स्वयंपाकघरातल्या काट्यावर थोडं थोडं करून वजन केलं ते २ किलो ३२० ग्रॅम भरलं. पाच माणसांच्या घराचं हे एका महिन्याचं, आणि आम्ही काही उधळे लोक नाही आहोत. दुधाच्या पिशव्या १३०. बिस्किटं, वेफर्स, चॉकलेट यांची चकचकीत पाकिटं ६१. भाजी-फळांच्या पातळ कॅरीबॅगा ४३. किराणाची पाकिटं ३८. हॉटेलच्या पार्सलचे डबे २२. कुरिअरच्या पिशव्या १९. दह्याचे कप १४. शांपू-फिनेल-पाणी अशा बाटल्या ९. ब्रेडच्या पिशव्या ८. तेलाच्या पिशव्या ५. टूथब्रश त्या महिन्यात एकही नाही! लेकीनं कार्टमधले बांबूचे ब्रश त्याच रात्री काढून टाकले.

पण खरी गंमत वजन करताना कळली. नगांत दूध सगळ्यात पुढे, पण १३० पिशव्यांचं वजन जेमतेम ३९० ग्रॅम, एक पिशवी साधारण ३ ग्रॅमची. आणि पार्सलचे २२ डबे मात्र ५५० ग्रॅम. म्हणजे महिन्यातून चार-पाच वेळा आम्ही बाहेरून जेवण मागवत होतो ते सगळ्या महिन्याच्या दुधापेक्षा जड होतं. हे मोजल्याशिवाय मला सात जन्मात कळलं नसतं, कारण ते डबे मी 'पुन्हा वापरू' म्हणून धुवून कपाटात ठेवत होते, कपाट भरलं की एकगठ्ठा टाकत होते आणि आपण काटकसर करतोय असं समजत होते.

मग एकेक धरलं. सगळं एकदम नाही, महिन्याला एक.

ऑगस्टमध्ये दूध. सासूबाईंचं माहेर गिरगावातलं, त्या लहानपणी आरेच्या केंद्रावर पहाटे रांगेत उभ्या राहायच्या, हातात दुधाचं कार्ड आणि रिकाम्या काचेच्या बाटल्या, रिकामी दिली की भरलेली मिळायची, वर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं पातळ झाकण. ते झाकणसुद्धा त्यांची आई जमवून ठेवायची. "तेव्हा दुधामागे काही उरायचंच नाही," त्या म्हणाल्या. आता तशी सोय नाही, पण आम्ही सिंहगड रोडला राहतो आणि खडकवासल्याच्या बाजूनं अजून गवळी येतात. दोन-तीन दिवस पहाटे खाली थांबून एका गवळीकाकांना गाठलं. म्हशीचं दूध, पिशवीपेक्षा थोडं महाग, पण साय इतकी येते की तुपाचा खर्च वाचतो, हिशोब जवळपास बरोबरीत आला.

अडचणी आल्या. काका साडेपाचला येतात, तेव्हा आम्ही झोपेत, म्हणून दाराबाहेर झाकणाचं पातेलं ठेवलं तर तिसऱ्याच दिवशी मांजरानं ते पाडलं, दोन लिटर दूध जिन्यात. मग कडीची बरणी आणली, जुन्या बाजारात मिळतात तशी, घट्ट झाकणाची, ती दाराच्या कडीला अडकवून ठेवते. दूध आलं की लगेच तापवावं लागतं, पिशवीसारखं फ्रिजमध्ये टाकून मोकळं होता येत नाही. या मे महिन्यात दोनदा नासलं, एकदा त्याचं पनीर केलं, एकदा टाकावं लागलं आणि त्या दिवशी वाईट वाटलं. काका गावी गेले की पिशव्या येतात, चार-पाच दिवस, तेवढं चालायचंच. दही मात्र घरीच लावायला लागल्यावर कप बंद झाले ते झालेच, विरजणाचा आमचा जरा प्रॉब्लेम होता, पावसाळ्यात लागायचं नाही, तर सासूबाईंनी विरजण लावलेलं भांडं गव्हाच्या पिठाच्या डब्यात पुरून ठेवायला शिकवलं, सकाळी सुरीनं कापावं असं दही.

भाजीचं सगळ्यात सोपं वाटलं होतं, तेच सगळ्यात अवघड गेलं. पिशव्या घरात होत्या की, प्रत्येक मराठी घरात असतात, दाराच्या मागं एका मोठ्या पिशवीत बाकीच्या पिशव्या कोंबलेल्या. पण मोठी पिशवी एक असून भागत नाही, टोमॅटोवर बटाटे पडले की लगदा होतो, मिरच्या सगळ्यात मिसळतात, म्हणून भाजीवाली प्रत्येक भाजी कॅरीबॅगेत घालते. सासूबाईंनी जुन्या मलमलच्या साडीच्या बारा पिशव्या शिवल्या, पाव किलोची, अर्ध्या किलोची, किलोची, वर नाडी. वजनाला नगण्य, त्यामुळे काट्यावर तशाच ठेवता येतात, कोथिंबीर-पालक त्यातच फ्रिजमध्ये ठेवली तर चार-पाच दिवस ताजी राहते, फक्त कापड किंचित ओलसर करायचं.

अवघड काय तर भाजीवालीचा वेग. आमच्या नेहमीच्या मावशी बोटाला थुंकी लावतात, दोन बोटांत पिशवीचं तोंड चोळतात, एक झटका देऊन फुगवतात आणि काट्याचं पारडं त्यात उलटं करतात, हे सगळं मी 'मावशी, पिशवी नको' म्हणायच्या आत झालेलं असतं. एकदा का भाजी पिशवीत गेली की मी ती काढून परत दिली तरी ती चुरगळलेली पिशवी त्या टाकूनच देतात. म्हणून आता भाव विचारायच्या आधी पिशवी पुढं करते. बोलायचंच नाही, पिशवीचं तोंड उघडून काट्याशेजारी धरून उभं राहायचं. महिनाभरात त्यांना सवय झाली, आता लांबून बघूनच म्हणतात, "आल्या पिशवीवाल्या."

त्यांच्याशी बोलताना कळलं की या कॅरीबॅगा त्यांना फुकट मिळत नाहीत, किलोवर विकत घ्याव्या लागतात, आणि पकडलं तर दंड त्यांना. महाराष्ट्रात २३ जून २०१८ पासून प्लास्टिकबंदी लागली तेव्हा पहिल्या वेळचा दंड ५ हजार होता, आठवत असेल, सगळं गाव कापडी पिशव्या घेऊन फिरायला लागलं होतं. मग हळूहळू सगळं पूर्वपदावर आलं. त्यानंतर १ जुलै २०२२ पासून देशभर काटे-चमचे, स्ट्रॉ, प्लेट, कप, सजावटीचा थर्माकोल यांच्यावर बंदी आली आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगही चालत नाही. मंडईतली ती फुंकर मारली तर उडणारी पिशवी १२० मायक्रॉनच्या जवळपासही नसणार. भाजीवाली म्हणते, "मी नाय दिली तर गिऱ्हाईक पलीकडच्या गाळ्यावर जातं." मला यात तिची चूक दिसत नाही. पिशवी मागणारे आपण आहोत.

किराणामध्ये मी एक मोठी चूक केली. पाकिटातली डाळ बंद करायची म्हणून सप्टेंबरमध्ये भुसार दुकानातून दहा किलो तूरडाळ सुटी आणली, पत्र्याच्या डब्यात भरली आणि खूश झाले. तीन आठवड्यांत डबा उघडला तर आत पोरकिडे, जाळी धरलेली. पावसाळ्यातली हवा, डाळीला ऊन दिलेलं नाही, काही लावलेलं नाही, दुसरं काय होणार. सासूबाई त्या महिन्यात नणंदेकडे होत्या, नाहीतर त्यांनी मला हे करूच दिलं नसतं. वर्षाचं भरायचं ते एप्रिल-मेमध्ये, कडक ऊन द्यायचं, डाळीला एरंडेलाचा हात फिरवायचा, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा. हे आपल्याकडे घरोघरी चालायचं आणि आमच्या पिढीनं पाकिटांच्या नादात सोडून दिलं. या मे महिन्यात नीट केलं, गच्चीवर जुन्या चादरींवर सगळं वाळवलं, धाकट्याला चिमण्या हाकायला बसवलं, आता ऑगस्ट आहे आणि डाळ अजून स्वच्छ आहे. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी महिन्याचंच आणा, पण डबे घेऊन जा. आमचे शेठ आधी रिकामा डबा काट्यावर ठेवतात, काटा शून्यावर आणतात आणि मग भरतात. पहिल्यांदा ते थोडे वैतागले, गर्दीची वेळ होती. दुपारी तीनला गेलं तर निवांत देतात.

तेलाचं उत्तर तर डोळ्यासमोर होतं. पिशव्यांऐवजी १५ किलोचा पत्र्याचा डबा. आम्हाला तीन महिने जातो, लिटरमागे स्वस्त पडतो आणि रिकामा डबा भंगारवाला पैसे देऊन नेतो. पहिला रिकामा डबा मी नेऊ दिला नाही, वरचा पत्रा कापून घेतला, कडा ठोकून घेतल्या, त्यात आता गॅलरीत कढीपत्ता आहे.

पार्सलबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण वजनात सगळ्यात जास्त फरक तिथं पडला. पहिल्यांदा स्टीलचे डबे घेऊन हॉटेलात गेले तेव्हा खूप अवघडल्यासारखं झालं. काउंटरवरचा मुलगा डब्यांकडे बघतोय, मागे चार डिलिव्हरीवाले थांबलेत. त्यानं आत जाऊन मालकांना विचारलं, मालक बाहेर आले, वयस्कर होते, म्हणाले, "द्या की, पूर्वी असंच न्यायचे लोक." आता आम्ही आधी फोन करतो, डबे घेऊन येतोय म्हणून सांगतो आणि साडेसातच्या आत जातो, आठनंतर कुणाला वेळ नसतो. एका ठिकाणी मात्र सरळ नाही म्हणाले, बाहेरच्या भांड्यात देत नाही, तक्रार आली तर आमच्यावर येते. त्यांचंही एक कारण आहे, पण तिथनं मागवणं आम्ही बंद केलं. आणि स्वतः जाऊन आणायचं म्हटलं की आळसानं म्हणा कशानं म्हणा, मागवणंच कमी झालं. घरी पिठलं-भात होतो.

न्हाणीघरात संमिश्र अनुभव. हँडवॉश बंद करून साधा साबण आला, कुणाला काही फरक पडला नाही. भांड्यांना स्पंजच्या घासणीऐवजी नारळाची शेंडी आणि वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, गावाहून येताना पिशवीभर घेऊन येते. रिठा-शिकेकाईनं मी केस धुते, लेकीनं दोनदा करून बघितलं आणि तिचे केस कोरडे झाले, शाळेच्या घाईत ते जमतही नाही, तिच्यासाठी शांपू आहे, फक्त पुड्यांऐवजी मोठी बाटली. मी स्वतः पाळीत पॅड सोडून मेन्स्ट्रुअल कप वापरायला लागले, पॅडमध्येही बहुतेक प्लास्टिकच असतं हे आपल्याला कुणी सांगत नाही. लेकीवर मी ती सक्ती केलेली नाही, तिचं ती ठरवेल. पण पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळं द्यायचं, हे घरात ठरलेलं आहे, कचरा हातानं निवडणाऱ्या बाईला न उघडता कळायला पाहिजे आत काय आहे ते.

फरशीच्या फिनेलऐवजी बायोएन्झाइम करते. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-मोसंबीची सालं, दहा भाग पाणी, आणि तीन महिने थांबायचं. यासाठी बाटली प्लास्टिकचीच घ्या, जुनी, काचेची नको, कारण आत गॅस धरतो आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून तो सोडावा लागतो. आम्ही दिवाळीत चार दिवस गावी गेलो आणि मी विसरले, परत आलो तर झाकण उडून भिंतीवर गुळाचं पाणी, मुंग्यांची रांग पार हॉलपर्यंत. तरी सोडलं नाही, कारण फरशी खरंच छान निघते आणि महिन्याला एक बाटली वाचते.

संक्रांतीला माझ्या मनात खूप दिवसांपासून होतं ते केलं. वाणाच्या वस्तू म्हणजे काय झालंय आता, प्लास्टिकची गाळणी, प्लास्टिकची डबी, साबणाची पेटी, घाऊक बाजारात डझनावर मिळतात आणि आपण हौसेनं लुटतो. मी कपाटातलं मिळालेलं वाण काढून बघितलं, २६ प्लास्टिकच्या वस्तू, त्यातल्या तीन वापरात. या वर्षी आमच्याकडच्या हळदीकुंकवाला ३५ जणींना सासूबाईंनी शिवलेली मलमलची भाजीची पिशवी दिली, आत कागदाच्या पुडीत तिळगूळ. दोन महिने त्या दुपारी शिवत होत्या, जुन्या साड्या मी, माझी जाऊ आणि शेजारच्या काकूंनी दिल्या. एकजणीनं पिशवी उलटसुलट करून बघितली आणि बाजूला ठेवली, मला दिसलं ते. पण सहा-सात जणींनी नंतर सासूबाईंकडे येऊन माप विचारून घेतलं, दोघी तर मशीनवर शिकायलाच बसल्या. बाकीच्या पिशव्यांचं काय झालं ते मला माहीत नाही, मंडईत मात्र अधूनमधून आमच्या एखाद्या साडीचा काठ दुसऱ्याच्या हातात दिसतो आणि मी लगेच घरी येऊन सासूबाईंना सांगते.

या जुलैमध्ये परत मोजलं, तेच नियम, तीच गोणी. १०५ नग, ७४५ ग्रॅम. दूध १४, भाजीच्या पिशव्या ३, पार्सलचे डबे ५, तेल शून्य. सगळ्यात जास्त आता बिस्किटं-वेफर्सची पाकिटं, ४८, आणि ते काही केल्या हलत नाहीये. मुलांना डब्यात चकल्या, चिवडा, लाडू देते, तरी मित्रांबरोबर येतंच, आणि नवऱ्याचा चहा बिस्किटाशिवाय होत नाही. या पाकिटांत प्लास्टिक आणि चंदेरी थर असे एकमेकांना चिकटवलेले असतात की ते वेगळे होत नाहीत, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. अशा प्लास्टिकचं इंधन करणारा प्रकल्प पुण्याजवळ जेजुरीला आहे आणि पाकिटं-पिशव्यांच्या पट्ट्या कापून हातमागावर विणणारी मंडळीही आहेत, त्यामुळे आम्ही धुवून-पुसून वेगळी साठवतो आणि गोळा करण्याची मोहीम असली की देऊन येतो. पण ते गळतं मडकं पुसत बसण्यासारखं आहे, घरात येणं कमी झालं पाहिजे. बेकरीतून डब्यात सुटी नानकटाई आणि खारी आणायला सुरुवात केलीय, बघू पुढच्या जुलैला काय होतं.

कचऱ्याच्या मावशींनी मात्र एक गोष्ट विचारली जिचा मी विचारच केला नव्हता. "ताई, तुमच्याकडचं कमी झालं, मला विकायला पण कमी झालं की." मी गप्पच झाले. त्याच पुढे म्हणाल्या की दुधाच्या पिशव्या आणि बाटल्या यांचेच काय ते पैसे, बाकी सगळं नुसतं ओझं, ते कमी झालं तर पाठीला बरं. तेव्हापासून आम्ही रद्दी आणि पुठ्ठा भंगारवाल्याला न देता त्यांनाच देतो, बांधून, कोरडा. महिन्याला चांगला गठ्ठा होतो.

आता डोक्यात सोसायटीचा गणपती आहे. मागच्या वर्षी महाप्रसादाला दीडशे माणसं होती, सगळ्या प्लेटा कागदाच्या दिसायच्या पण आतून प्लास्टिकचा थर, पाण्याचे ग्लास तसेच. मी मीटिंगमध्ये स्टीलची ताटं भाड्यानं आणू म्हटलं होतं, पण ऐनवेळी म्हटलं, आणि घासणार कोण यावर विषय संपला. या वेळी आधीच केटररकडून ताट-वाटी-पेल्याचा भाव लिहून आणलाय, घासायला दोन बायकांशी बोलून त्यांची मजुरी ठरवलीय, खरकटं खतासाठी जाईल त्याचीही सोय बघितलीय. गेल्या वर्षी त्या रात्री गेटवर काळ्या पिशव्या किती होत्या ते मी खाली जाऊन मोजून ठेवलं होतं, अकरा. रविवारी अकराला मीटिंग आहे.